‘लंडन १८८३’ची पितळी पट्टी आणि बुद्धिबळाचे जुने घड्याळ: विकत घेण्यापूर्वी काय तपासावे

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतर वाचणाऱ्यांनाही नीट समजेल. तुम्ही नोकरीनिमित्त यॉर्कशायरात राहता. तिथल्या एका विक्रेत्याकडे तुम्हाला बुद्धिबळाचे लाकडी जोडघड्याळ दिसले, ज्यातील दोन्ही घड्याळे एका झुलत्या दांडीवर बसवलेली आहेत. तळाशी ‘लंडन १८८३’ असे कोरलेली पितळी पट्टी आहे. त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हे घड्याळ पुढे बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झच्या पटाशेजारी होते असे विक्रेता सांगतो आणि तशाच बिननावाच्या घड्याळाच्या चौपट किंमत मागतो. ते घ्यावे का, घेतल्यावर साफ करून चालू करावे का आणि पुढे पुण्याला आणता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

घड्याळांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि बुद्धिबळाची जुनी घड्याळे जमवणे हा अनेक वर्षांचा छंद, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत असतो. ‘घड्याळ खरे आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. घड्याळ सांगितलेल्या काळाचे आहे का, हा पहिला. आणि ते सांगितलेल्या ठिकाणी, सांगितलेल्या माणसांसमोर होते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा वस्तू स्वतः देते. दुसऱ्याचे उत्तर वस्तू कधीच देऊ शकत नाही, ते कागदपत्रांतून आणि मालकीच्या साखळीतूनच मिळते. विक्रेते बहुतेक वेळा पहिल्याचा पुरावा दाखवून दुसऱ्याची किंमत मागतात, आणि त्यात फसवण्याचा हेतू असतोच असे नाही. पुष्कळदा त्यांचाही त्या कथेवर मनापासून विश्वास असतो.

मी फक्त तुम्ही पाठवलेली तीन छायाचित्रे पाहिली आहेत, त्यांत घड्याळाची मागची बाजू आणि आतले यंत्र दिसत नाही. त्यामुळे खालील बरेचसे विवेचन ‘असे आढळले तर’ या स्वरूपाचे आहे.

आधी काळाचा प्रश्न. १८५१च्या लंडन स्पर्धेत वेळेचे बंधनच नव्हते आणि काही खेळाडू एकेका चालीवर इतका वेळ घेत की त्याबद्दल मोठी नाराजी झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वेगवेगळे उपाय करून पाहिले गेले. १८६१ साली लंडनमध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे ठेवून दोन तासांत २४ चाली असा नियम लावला गेला. १८६६च्या अँडरसन–स्टाइनिट्झ सामन्यात यांत्रिक घड्याळे आली, पण प्रत्येक खेळाडूचे घड्याळ वेगळे होते आणि ते वेगळेच थांबवावे लागे. एकाचे घड्याळ थांबताच दुसऱ्याचे आपोआप सुरू व्हावे ही कल्पना मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन यांच्या नावावर नोंदलेली आहे आणि ती मोठ्या स्पर्धेत प्रथम वापरली गेली ती १८८३ साली लंडनमध्येच. तेव्हा तुमच्या विक्रेत्याचे विधान मुळात अशक्य कोटीतले नाही. झुलत्या दांडीचे घड्याळ आणि लंडन १८८३ यांचे नाते खरे आहे. अडचण अशी की हेच नाते कोणत्याही बुद्धिबळाच्या इतिहासात वाचायला मिळते, म्हणून झुलत्या दांडीचे घड्याळ हाती लागलेल्या प्रत्येकाला त्यावर १८८३ लिहिण्याचा मोह होतो.

या घड्याळाची रचना समजली की तपासणी सोपी होते. दांडीच्या दोन टोकांना दोन लंबकाची घड्याळे अशा कोनात बसवलेली असतात की एक सरळ उभे राहिले की दुसरे कलते. कललेल्या घड्याळाचा लंबक एका बाजूला टेकून थांबतो. सरळ झालेल्या घड्याळाच्या लंबकाला झुकण्याच्या हालचालीनेच पहिला झोका मिळतो. खेळाडूने चाल केली की दांडी आपल्या बाजूने ढकलायची, एवढेच काम. त्यात बटण नाही आणि वेळ संपल्याचे दाखवणारा लहानसा लाल फ्लॅगही नाही. फ्लॅगची सूचना १८९९ साली हेगच्या मेयर यांनी केली आणि तो सर्रास दिसू लागला पहिल्या महायुद्धानंतर. बटण दाबण्याचे घड्याळ ग्रोनिंगेनच्या फेनहोफ यांनी १९००च्या सुमारास बनवले. म्हणून तुमच्या घड्याळाच्या तबकडीवर बाराच्या जवळ फ्लॅग लटकत असेल, किंवा फ्लॅग काढून टाकल्याची भोके दिसत असतील, तर ती तबकडी १८८३ची नाही. फ्लॅग नसणे हा मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण फ्लॅग नसलेली घड्याळे नंतरही बनत राहिली.

याहून निर्णायक पुरावा बहुधा मागच्या पत्र्यावर असतो, म्हणून विक्रेत्याकडून सर्वांत आधी तेच छायाचित्र मागवा. त्यावर ‘मेड इन जर्मनी’ असे असेल तर दावा तिथेच संपतो. ब्रिटनमध्ये परदेशी मालावर उगमदेश लिहिण्याची सक्ती १८८७च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने आली आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये वापरलेल्या घड्याळावर ते शब्द असण्याचे कारण नाही. ‘डी. आर. जी. एम.’ ही जर्मनीतील नोंदणीकृत रचनेची अक्षरे दिसली तर घड्याळ १८९१ नंतरचे, कारण त्या प्रकारची नोंदणीच त्या वर्षी सुरू झाली. ब्रिटिश नोंदणीकृत डिझाइनचा ‘आर. डी. नंबर’ असेल तर १८८४ किंवा नंतरचे. ते क्रमांक वर्षानुसार चढत जात असल्याने साल बऱ्यापैकी अचूक काढता येते. ब्रिटिश पेटंटचा क्रमांक असेल तर त्याच्या सोबत वर्षही आहे का ते पाहा, कारण १९१६पूर्वी पेटंटचे क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत आणि वर्षाशिवाय नुसता क्रमांक फारसे काही सांगत नाही. लिव्हरपूलच्या अमांडस शियरवॉटर यांचे बुद्धिबळाच्या घड्याळाचे पेटंट १८८४चे आहे. त्याचा उल्लेख असलेले घड्याळ उत्तम संग्राह्य वस्तू आहे, पण १८८३चे असू शकत नाही. ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी अँड सन्स यांचे नाव असलेली झुलती घड्याळेही तुमच्या भागात अधूनमधून विक्रीला येतात. फुटबॉलचा एफ. ए. कप १९११ साली घडवणारी पेढी तीच, आणि तिच्या नावाला स्वतःची किंमत आहे. त्यासाठी कोणत्याही स्पर्धेची कथा जोडावी लागत नाही.

यानंतर दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळतात का ते पाहा. जोडघड्याळातले एक यंत्र बिघडले की पूर्वीचे क्लब ते काढून दुसरे बसवत. त्यांच्या दृष्टीने ते रोज वापरायचे साधन होते, जपून ठेवायचा ठेवा नव्हता. दोन्ही तबकड्यांवरील आकड्यांची छपाई, काट्यांचा आकार, चावीचे भोक, मागच्या स्क्रूंची डोकी हे सगळे सारखे असले पाहिजे. लाकडात रिकामी भोके दिसली तर तिथे पूर्वी दुसरे काही बसवलेले होते. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकानंतरचाच, तो कुठेही दिसला तर त्या जागी नंतर कोणीतरी हात घातला आहे. एखादा भाग बदललेला असला म्हणून घड्याळ टाकाऊ ठरत नाही, पण मग ते ‘जसेच्या तसे १८८३चे’ राहत नाही आणि किमतीत ते उतरले पाहिजे.

आता पितळी पट्टी. माझे मत स्पष्ट आहे: जिच्यावर फक्त गाव आणि साल आहे अशा पट्टीला मी जवळजवळ काहीच किंमत देत नाही. क्लब किंवा आयोजक पट्टी लावतात तेव्हा ती कोणी, कोणाला, कशासाठी दिली हे लिहितात. देणगीदाराचे नाव, क्लबचे नाव, एखाद्या सचिवाचा उल्लेख असतो आणि त्या नावांचा माग काढता येतो. ‘लंडन १८८३’ एवढ्या मजकुराचा माग काढता येत नाही. शिवाय १८८३ साली लंडनमध्ये मुख्य स्पर्धेबरोबरच विजयनगरमच्या महाराजांच्या आश्रयाने दुसरी स्पर्धाही झाली, ती कुर्ट फोन बार्डेलेबेन यांनी जिंकली. ही पट्टी कोणत्या स्पर्धेबद्दल बोलते हेसुद्धा तिच्यावरून कळत नाही. पट्टी जुनी आहे का हे पाहायचे असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने तिच्या कडेचे लाकूड भिंगाखाली पाहा: पट्टी दीर्घकाळ तिथेच असेल तर तिच्या कडेशी पॉलिशचा आणि धुळीचा थर साचलेला असतो, आणि तिच्याखालच्या लाकडाचा रंग उघड्या लाकडाहून वेगळा असतो. अर्थात हा थर मिळाला तरी पट्टी जुनी ठरते, तिच्यावरचा मजकूर खरा ठरत नाही. एखाद्या क्लबाने त्या प्रसिद्ध स्पर्धेच्या स्मरणार्थ ती वीस-तीस वर्षांनी लावलेली असू शकते.

स्टाइनिट्झच्या नावाबद्दलही शांतपणे विचार करा. त्या मुख्य स्पर्धेत १४ खेळाडू होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे होते, म्हणजे २६ फेऱ्या. झुकरटोर्ट पहिला आला, स्टाइनिट्झ दुसरा. एखादे घड्याळ खरोखर त्या दालनात असेल तर ते फेरीगणिक वेगवेगळ्या खेळाडूंसमोर आले असण्याची शक्यता मोठी आहे. ‘स्टाइनिट्झचे घड्याळ’ असे काही तिथे नव्हते. घड्याळे आयोजकांची होती. दावा जितका एका प्रसिद्ध माणसाभोवती आवळलेला, तितका तो मला अधिक संशयास्पद वाटतो, कारण स्पर्धेच्या सामानाची नोंद माणसांच्या नावाने सहसा होत नाही. हेस्टिंग्जच्या १८९५च्या स्पर्धेबाबत हेच होते. त्या स्पर्धेत स्टाइनिट्झविरुद्ध हरलेल्या डावात बार्डेलेबेन राजीनामा न देताच दालनातून निघून गेले आणि त्यांची वेळ संपू दिली. ही हकीकत इतकी प्रसिद्ध आहे की ‘तेच घड्याळ’ म्हणून विकण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण तिथे २२ खेळाडू होते, म्हणजे एका फेरीला ११ पट. त्या डावाला यांतले कोणते घड्याळ होते हे सांगणारा कागद विक्रेत्याकडे नसेल तर ती कथा त्या डावाची आहे, त्या वस्तूची नाही.

मग खात्रीची मालकी-परंपरा कशी असते? माझ्या अनुभवात ती बहुधा साध्या, कंटाळवाण्या कागदांची असते: क्लबाच्या इतिवृत्तातील घड्याळे विकत घेतल्याची नोंद, क्लब बंद पडताना सामान कोणाला दिले याची यादी, एखाद्या पंचाच्या किंवा सचिवाच्या घरच्यांचे सहीचे आणि तारखेचे पत्र, जुन्या लिलावाच्या सूचीतील वर्णन. छायाचित्र असेल तर सर्वांत चांगले, पण ते जुळवून पाहिले पाहिजे. लाकडाच्या रेषा, कोपऱ्यावरचा टवका, तबकडीवरचा डाग या गोष्टी दोन घड्याळांत सारख्या नसतात, तेव्हा स्वच्छ छायाचित्रावरून ‘हेच ते’ असे खात्रीने सांगता येते. ‘याच प्रकारचे’ एवढेच दिसत असेल तर तो पुरावा प्रकाराचा झाला. खेळाडूंच्या सामूहिक छायाचित्रांत घड्याळे बहुधा नसतातच, त्यामुळे अशी प्रतिमा सोबत जोडलेली असली तरी तिचा उपयोग होत नाही. साखळीतला प्रत्येक दुवा असलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. १४० वर्षांत एखादा दुवा हरवणे साहजिक आहे. पण पहिला दुवा, म्हणजे वस्तू स्पर्धेच्या दालनातून कोणाच्या हाती गेली, तो मात्र हवाच. तो नसेल तर पुढचे सगळे दुवे फक्त कथा कोणी कोणाला सांगितली एवढेच दाखवतात.

तुम्ही इंग्लंडमध्ये असल्याचा फायदा घ्या. ब्रिटिश चेस मॅगझिन १८८१पासून निघते आहे, त्या काळच्या दैनिकांतही बुद्धिबळाचे स्तंभ असत आणि जुनी वर्तमानपत्रे ब्रिटिश लायब्ररीत वाचता येतात. इंग्लंडबाहेर हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील फान डर लिंडे–नीमेयेर संग्रह आणि क्लीव्हलँड सार्वजनिक ग्रंथालयातील जॉन जी. व्हाइट संग्रह हे बुद्धिबळाच्या साहित्याचे जगातले दोन मोठे साठे आहेत. नेमका प्रश्न विचारला तर अशा संग्रहांचे ग्रंथपाल मदत करतात. ‘माझे घड्याळ खरे आहे का’ असे विचारू नका, तर ‘१८८३च्या स्पर्धेतील घड्याळे कोणी पुरवली आणि नंतर कोठे गेली याची नोंद आहे का’ असे विचारा.

इथे एक गोष्ट संग्रह करणाऱ्या सर्वांसाठी. विसाव्या शतकातील घड्याळांबाबत ‘त्याच प्रकारचे’ आणि ‘तेच’ यांतला फरक आणखी मोठा होतो, कारण ती हजारोंनी बनली. १९७२च्या फिशर–स्पास्की सामन्याच्या नावाने पूर्व जर्मनीच्या रूला गावची ‘गार्ड’ घड्याळे सतत विकली जातात. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावाला फिशर आला नाही, त्याचे घड्याळ तासभर चालले आणि डाव त्याच्याविरुद्ध गेला. त्या तासाचे आकर्षण मला समजते, पण बाजारातले गार्ड हे केवळ गार्ड असते आणि तेवढ्याच किमतीला घ्यावे. सोव्हिएत ‘यांतार’ घड्याळांवर पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह दिसले तर ते १९६७ नंतरचे, म्हणजे १९६०च्या ताल–बोत्विनिक सामन्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही. जर्मन घड्याळावर ‘वेस्टर्न जर्मनी’ असे असेल तर ते १९४९ नंतरचे. अशी लहान चिन्हे ओळखायला शिकणे हेच या छंदातले खरे शिक्षण आहे.

किमतीबद्दल माझा नियम सरळ आहे. वस्तूची किंमत आणि कथेची किंमत कागदावर वेगळ्या लिहायच्या. कथेला पुरावा नसेल तर तिची किंमत शून्य धरायची आणि वस्तूची किंमत तिच्या काळावर, निर्मात्यावर, मूळ भाग किती टिकले आहेत यावर ठरवायची. तुमच्या बाबतीत मागचा पत्रा स्वच्छ निघाला, दोन्ही यंत्रे जुळली आणि कागद एकही नसला, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे झुलते घड्याळ म्हणून साध्या किमतीला ते घेण्यासारखे आहे, आणि मी स्वतः ते आनंदाने घेईन. चौपट देणार नाही. विक्रेता कथेवर ठाम असेल तर ती त्याने पावतीवर लिहून द्यावी, म्हणजे ‘१८८३च्या लंडन स्पर्धेत वापरलेले’ हे शब्द त्याच्या सहीने यावेत. जो हे लिहून द्यायला तयार नाही त्याने त्याचे पैसेही मागू नयेत.

साफसफाईबाबत माझे म्हणणे थोडे कठोर वाटेल. पितळ घासून चकचकीत करू नका, लाकडाला नवे पॉलिश देऊ नका आणि कागदी तबकडीला ओले फडके तर मुळीच लावू नका. एकदा गेलेली शाई परत येत नाही. यंत्र उघडून जुने घट्ट झालेले तेल काढणे आणि योग्य जागी थोडे नवे तेल देणे हे काम लंबकाच्या घड्याळांची सवय असलेल्या माणसाकडून करून घ्या. बदललेला प्रत्येक भाग, अगदी तुटलेला स्क्रूसुद्धा, पुडीत बांधून घड्याळासोबत ठेवा आणि काय केले ते तारखेसह लिहून ठेवा. तुमच्यानंतरच्या मालकासाठी तो कागद मालकी-परंपरेचा भाग असेल. चालू झाल्यावर घड्याळ अगदी सपाट टेबलावर ठेवून दोन्ही बाजू एकेक तास चालवून पाहा. बुद्धिबळाच्या घड्याळाने अचूक वेळ दाखवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने चालणे महत्त्वाचे, कारण एक बाजू तासाला दोन मिनिटे पुढे गेली तर एका खेळाडूवर अन्याय होतो. रोज चालवू नका. महिन्यातून एकदा दोन्ही बाजू थोडा वेळ चालल्या तरी पुरे.

पुण्याला आणण्याचा प्रश्न तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात १०० वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे वेगळे शीर्षक आहे. प्रत्यक्ष शुल्क किती हे त्या वेळचे दर आणि तुम्ही सामान कसे आणता यांवर ठरते, म्हणून आणण्यापूर्वी सीमाशुल्काचे काम करणाऱ्या एजंटाला विचारा. त्याहून महत्त्वाचे असे की १९७२च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू भारताबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. पुन्हा परदेशी जाण्याचा विचार असेल तर खरेदीची पावती आणि आयातीचे कागद जपून ठेवा, किंवा परत यायचे नक्की होईपर्यंत घड्याळ तिकडेच राहू द्या. पुण्यात आल्यावर पावसाळ्याचे चार महिने ते काचेच्या बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून सांभाळा, कारण दमट हवेत लाकूड फुगते, दांडीचे टेकण अडकते आणि कागदी तबकडीला बुरशी येते.

आणि परत आलात की आपल्याकडच्या जुन्या मंडळांकडेही जा. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१पासून काम करते आहे. मुंबई-पुण्यातही अनेक दशके स्पर्धा भरवणारी मंडळे आहेत. डिजिटल घड्याळे आल्यावर जुनी चावीची घड्याळे अनेक ठिकाणी पोत्यांत भरून माळ्यावर गेली. कोणत्या स्पर्धेला ती वापरली हे सांगणारे पंच आणि खेळाडू अजून आपल्यात आहेत, त्यांच्या तोंडची माहिती सहीनिशी लिहून घेता येते, आणि लंडनच्या १८८३ बाबत जो पहिला दुवा आता मिळणे जवळजवळ अशक्य आहे तो इथे एका भेटीत मिळू शकतो. अशी घड्याळे मागताना मंडळाला योग्य मोबदला द्या आणि मंडळाच्या पत्रावर हस्तांतराची नोंद घ्या.

सध्या विक्रेत्याला एवढेच लिहा: मागच्या पत्र्याची, दोन्ही यंत्रांची आणि पट्टीच्या कडांची स्वच्छ छायाचित्रे पाठवा, आणि हे घड्याळ तुमच्याकडे कोणाकडून व कधी आले ते कळवा. ती छायाचित्रे आली की इथेच टाका, मी पाहून सांगेन.